शेवटचे पन्नास फूट

(मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला नाही, अट दिली. वीस मिनिटं बोल, टेक्निकल बोल, पण बटाटेवडे खाऊन बसलेल्या माणसांना झोप येता कामा नये. तेव्हा डेटाबेस, सर्व्हर वगैरे माझ्या पोटापाण्याच्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि आपल्या सगळ्यांच्या दारात रोज घडणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलतो. ती म्हणजे पार्सल. गेल्या आठवड्यात ज्यांच्या दारात एकही खोका आला नाही असं घर या हॉलमध्ये सापडणं कठीण आहे. दिवाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. आकाशकंदील, पणत्या आणि मोती साबणसुद्धा आता खोक्यातूनच येतो.

हा खोका आणून ठेवणारा माणूस, आणि त्याच्या मदतीला किंवा त्याच्या जागी येऊ पाहणारी चाकांवरची यंत्रं, हा आजचा विषय.

व्हर्जिनियात राहणाऱ्यांना ही यंत्रं अपरिचित नाहीत. फुटपाथवरून सामान नेणाऱ्या रोबॉटला परवानगी देणारा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, साल २०१७. पुढे जानेवारी २०१९ मध्ये फेअरफॅक्सच्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत स्टारशिप कंपनीचे पंचवीस रोबॉट एकदम उतरले. पिकनिकला नेतो त्या कूलरएवढा पांढरा डबा, त्याला सहा चाकं आणि मागे झेंडा लावलेली काठी. कॅमेरे, रडार, अल्ट्रासॉनिक सेन्सर, सगळं त्या डब्याच्या अंगावर. वेग ताशी चार मैल, म्हणजे आपण भरभर चाललो तर बरोबरीने चालू. वजन नेणार वीस पौंड. आपल्या हिशेबात सांगायचं तर बासमतीची एक वीस पौंडी पिशवी टाकली की गाडी भरली. डिलिव्हरीचा आकार तेव्हा एक डॉलर नव्व्याण्णव सेंट होता आणि बर्फातून चालत जाण्यापेक्षा तो देणं विद्यार्थ्यांना परवडत होतं.

माझी आई इथे आली होती तेव्हा क्रॉसवॉकवर असाच एक तिच्या शेजारी येऊन थांबला. सिग्नल बदलला, आई निघाली, हा मात्र बिचकत उभा. तिने मागे वळून त्याला हाताने "ये ये" केलं. मी तिला सांगितलं की अगं, त्याला ते कळत नाही. ती म्हणाली, "कळेल हळूहळू." असो.

आता एक फरक लक्षात घ्या. या रोबॉटने जे जमवलं ते खाद्यपदार्थांचं काम आहे. जेवण मागवणारा माणूस भुकेलेला असतो, फोन हातात धरून बसलेला असतो, आणि रोबॉट आला की खाली येऊन झाकण उघडतो. पार्सलचं तसं नाही. पार्सल येतं तेव्हा आपण ऑफिसात असतो. ते दारात ठेवायचं असतं, कधी मागच्या दारात, कधी तिसऱ्या मजल्यावर, कधी शेजाऱ्याकडे. आणि इथेच भल्याभल्या कंपन्यांचा निभाव लागला नाही.

ॲमेझॉनने जानेवारी २०१९ मध्येच वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोहोमिश काउंटीत 'स्काउट' नावाचे सहा रोबॉट फिरवायला सुरुवात केली. सुरुवातीला प्रत्येकाबरोबर कंपनीचा एक माणूस चालत असे. म्हणजे एक पार्सल पोचवायला एक रोबॉट आणि एक माणूस! पुढे कॅलिफोर्निया, जॉर्जिया, टेनेसी इथेही चाचण्या झाल्या. फेडेक्सने २०१९ मध्ये 'रॉक्सो' आणला. तो तर पायऱ्याही चढे, कारण त्याच्या मुळाशी डीन केमन यांच्या पायऱ्या चढणाऱ्या व्हीलचेअरचं तंत्र होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्काउटच्या रस्त्यावरच्या चाचण्या थांबल्या आणि त्याच महिन्यात फेडेक्सनेही रॉक्सो बंद केला. तिसरा प्रकार फोर्ड आणि अजिलिटी रोबॉटिक्स यांचा, २०१९ सालचाच. गाडी आपोआप दारापर्यंत येणार, डिकी उघडणार, आतून 'डिजिट' नावाचा दोन पायांचा रोबॉट घडी मोडून उभा राहणार आणि खोका उचलून चालत दारात ठेवणार. व्हिडिओ फारच छान होता. हाच डिजिट आज काय करतो? २०२४ पासून तो जॉर्जियातल्या एका गोदामात नोकरीला आहे. एकाच छताखाली, सपाट जमिनीवर, प्लॅस्टिकचे क्रेट इथून तिथे ठेवतो. ज्याला आपल्या दारापर्यंत यायचं होतं तो गोदामाच्या दारापर्यंतही येत नाही.

कारण काय? सिअॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये अर्बन फ्रेट लॅब आहे. तिथल्या लोकांनी या टप्प्याला 'फायनल फिफ्टी फीट' असं नाव दिलं. शेवटचा मैल नव्हे, शेवटचे पन्नास फूट. गाडी कुठे लावायची, गाडीतल्या दोनशे खोक्यांतून नेमका खोका कसा शोधायचा, गेटचा कोड कोणता, लिफ्ट कुठे आहे, अपार्टमेंट 'बी' पुढून की मागून, कुत्रं बांधलेलं आहे का. चीनमधून इथपर्यंत आलेला खोका हजारो मैल सुरळीत येतो आणि या पन्नास फुटांत अडखळतो. या लॅबने सिअॅटलच्या एका उंच इमारतीत काय करून पाहिलं माहीत आहे? तळाशी सगळ्या कंपन्यांसाठी सामाईक लॉकर ठेवले. साधी कपाटं! डिलिव्हरीवाल्याचा इमारतीत जाणारा बहुतेक वेळ वाचला. एवढ्या इंजिनिअरांच्या सभेत सांगायला जरा जड जातं, पण बिनडोक कपाटाने हुशार रोबॉटला पुष्कळ ठिकाणी हरवलं आहे.

ही गोष्ट नवीही नाही. अमेरिकेत शहरांत घरपोच टपाल १८६३ मध्ये सुरू झालं. तेव्हा दाराला पत्र टाकायची फट नव्हती. पोस्टमन दार वाजवायचा आणि कोणीतरी येईपर्यंत उभा राहायचा. अशा उभं राहण्यात त्याचा दिवसाचा तास-दीड तास जायचा. शेवटी १९२३ मध्ये पोस्टाने नियम केला की घराला पेटी किंवा दाराला फट हवी, नाहीतर टपाल मिळणार नाही. म्हणजे पोस्टमनला उभं राहावं लागू नये म्हणून अख्ख्या देशाने आपली दारं बदलली. फुटपाथवरचा रोबॉट हाच हिशेब उलटा करतो. तो दारात येत नाही, आपण खाली जायचं. ते पन्नास फूट आता आपण चालायचे. विशीतल्या विद्यार्थ्याला त्याचं काही नाही. पण तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना विचारा. ज्यांना घरपोच सामानाची खरी गरज आहे त्यांनाच हे यंत्र "जरा खाली येता का" म्हणतं.

आता तुम्ही म्हणाल की मुंबईकर असून हा अजून डबेवाल्यांवर कसा आला नाही? आलोच. सिक्स सिग्माची गोष्ट मात्र सांगणार नाही, ती आपण सगळ्यांनी एकमेकांना पुरेशी फॉरवर्ड केली आहे. मला त्यांच्या पद्धतीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, त्याच्या आधीच मुंबईत रेल्वे आली होती. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडच्या या मंडळींनी काय केलं, तर लांबचा पल्ला यंत्राला दिला आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ठेवली. घरातून डबा उचलणार माणूस, विरारहून चर्चगेटला नेणार लोकल, आणि चर्चगेटला उतरल्यावर चाळीसेक डब्यांची लाकडी पाटी डोक्यावर किंवा हातगाडीवर, ऑफिसच्या मजल्यापर्यंत परत माणूस. डब्याच्या झाकणावर कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढंच रंगवलेलं. जिथे काम सारखं आणि सरळ आहे तिथे यंत्र, जिथे दर दहा फुटांवर काहीतरी वेगळं आहे तिथे माणूस. ही वाटणी इतकी पक्की होती की मार्च २०२० मध्ये लोकल थांबली तेव्हा डबेही थांबले. पण एक आहे. लोकलच्या वेळापत्रकाने डबेवाल्याला घाईला लावलं असेल, तरी कुठला डबा आधी, कोणी किती उचलायचे, हे त्यांच्या टोळीतली माणसंच ठरवत आली.

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. "रोबॉट नोकरी खाणार का" यावर आपण पार्टीत तासभर वाद घालतो. पण माणूस आणि यंत्र एकत्र काम करतात तेव्हा कोण कोणाच्या मागे चालतं, याकडे कोणी बघत नाही. दोन उदाहरणं देतो, दोन्ही युरोपातली, पण मुद्दा त्याशिवाय स्पष्ट होत नाही.

२०१६ मध्ये मर्सिडीझ-बेंझ आणि स्टारशिप यांनी मिळून 'रोबोव्हॅन' दाखवली. व्हॅनमध्ये आठ रोबॉट. व्हॅन एका जागी थांबते, रोबॉट उतरून चहूकडे जातात, पार्सल देऊन परत येतात. कंपनीचा दावा असा की नऊ तासांच्या पाळीत १८० ऐवजी ४०० पार्सलं जातील. उत्तम. पण ड्रायव्हर काय करतो? तो व्हॅनमध्ये बसून रोबॉटच्या पोटात खोके भरतो. तो कोणाच्या दारात जात नाही, कोणाचं तोंड बघत नाही. रोबॉट रिकामा आला की भर. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या बाड हर्सफेल्ड गावात डॉइश पोस्टने 'पोस्टबॉट' आणला. चाकांवरची उंच पेटी, दीडशे किलो टपाल वाहून नेणारी. तिचे सेन्सर पोस्टमनचे पाय ओळखतात. पोस्टमन चालला की ती मागे चालते, तो थांबला की थांबते. पाठीवरचं ओझं गेलं, दोन्ही हात मोकळे, आणि दार, जिना, कुत्रं, गप्पा सगळं पोस्टमनकडेच. ती फक्त चाचणी होती आणि तिचा पुढे फार गाजावाजा झाला नाही. तंत्र जवळजवळ तेच, पण एकीकडे माणूस यंत्राचा हमाल आहे आणि दुसरीकडे यंत्र माणसाचं.

अमेरिकेत ही वाटणी कशी झाली ते गोदामांत दिसतं. वेबव्हॅन आठवते का? डॉट-कॉमच्या लाटेत घरपोच किराणा देणारी आणि २००१ मध्ये बुडालेली कंपनी. आपल्यापैकी काहींचे तिच्यात शेअर होते, त्यांना जास्त त्रास देत नाही. तिथे काम केलेल्या मिक माउंट्झ यांनी २००३ मध्ये किवा सिस्टिम्स काढली. कल्पना सुंदर होती. माणसाने सामानाच्या शेल्फपर्यंत मैलोन्मैल चालायचं कशाला? चपटा रोबॉट शेल्फखाली शिरेल, ते उचलेल आणि माणसासमोर आणून उभं करील. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ७७.५ कोटी डॉलरना ती कंपनी घेतली, आणि २०२५ मध्ये त्यांच्या रोबॉटची संख्या दहा लाखांवर गेली. चालणं वाचलं हे खरंच. पण २०२० मध्ये 'रिव्हील' या शोधपत्रकारितेच्या संस्थेने ॲमेझॉनच्याच नोंदी तपासल्या आणि लिहिलं की २०१६ ते २०१९ या काळात रोबॉट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण इतर गोदामांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त होतं. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नव्हता. त्याच लेखात कारणही होतं: जिथे माणूस तासाला शंभर वस्तू उचलत होता तिथे अपेक्षा चारशेपर्यंत गेली. शेल्फ समोर येऊन उभंच आहे, त्याच्या मागे दुसरं. यंत्र थकत नाही आणि त्याला थांबवायचं बटण उचलणाऱ्याच्या हातात नाही.

उलटंही उदाहरण त्याच कंपनीचं आहे, ते न सांगणं बरोबर नाही. २०२४ मध्ये त्यांनी डिलिव्हरी व्हॅनच्या छतात एक यंत्रणा बसवायचं जाहीर केलं. गाडी थांबली की या थांब्यावरच्या खोक्यांवर हिरवा गोल पडतो, बाकीच्यांवर लाल फुली. लेबलं वाचत, खोके उलटेपालटे करत बसायला नको. हे मला फार आवडलं. कंटाळवाणं काम यंत्राने करायचं आणि दारात माणसाने जायचं. वाचलेली मिनिटं ड्रायव्हरला पाणी प्यायला मिळणार की आणखी दहा थांबे होऊन परत येणार, हे मात्र त्या हिरव्या दिव्याला ठरवता येत नाही. ते कोणीतरी एका स्प्रेडशीटमध्ये ठरवतं.

आता जरा आपल्याला लागू होणारी गोष्ट. बर्कलीच्या कॅम्पसवर 'किवीबॉट' नावाचे रोबॉट फिरत. डिसेंबर २०१८ मध्ये त्यातला एक बॅटरीमुळे भर रस्त्यात पेटला, तर विद्यार्थ्यांनी तिथे मेणबत्त्या लावून त्याला श्रद्धांजली वाहिली! लोकांना वाटत होतं की हे बिचारं एकटं फिरतं. प्रत्यक्षात कोलंबियातल्या मेडेयीनमध्ये बसलेली माणसं दर पाच-दहा सेकंदांनी त्याला पुढचा मार्ग दाखवत होती, आणि २०१९ मधल्या बातम्यांनुसार त्यांना तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मिळत होते. मंडळी, हा तर आपलाच धंदा! ऑफशोअर. आपण बारा वर्षं रात्रीच्या कॉलवर जे केलं तेच, फक्त सर्व्हरऐवजी बरिटो. रोबॉट माणसाची जागा घेतो म्हणताना तो बऱ्याचदा इथल्या माणसाच्या जागी तिथला माणूस बसवतो, आणि तो दिसत नाही म्हणून आपण त्याला ऑटोमेशन म्हणतो.

राहिला फुटपाथ. ऑक्टोबर २०१९, युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग. व्हीलचेअरवरची एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडत होती. पलीकडे फुटपाथवर चढायला जो उतार असतो, नेमका त्याच्यावर एक रोबॉट उभा. सिग्नल बदलायची वेळ आली आणि ही रस्त्यात अडकली. कशीबशी कडेने वर चढली. युनिव्हर्सिटीने चाचणी काही काळ थांबवली. आता यात रोबॉटचं बिघडलं काहीच नव्हतं, हे समजून घ्या. शंका आली की थांब, हा त्याच्या प्रोग्रॅममधला सगळ्यात सुरक्षित नियम. माझ्या आईच्या क्रॉसवॉकवर तो बिचकला तोही यामुळेच. पण सुरक्षित कोणासाठी? ज्याने नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर बाजूने निघून जाऊ शकणारा पादचारी होता. बाजूने जाता येत नाही असा माणूस त्याच्या टेस्ट केसमध्येच नव्हता.

कायद्याने यावर काय केलं? जिकडे तिकडे वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोने डिसेंबर २०१७ मध्ये एका कंपनीला तीन आणि सगळ्या शहरात मिळून नऊ, एवढीच परवानगी दिली, तीही बरोबर माणूस असेल तर. पेनसिल्व्हेनियाने, म्हणजे पिट्सबर्गच्याच राज्याने, २०२० मध्ये कायदा केला तो असा की हे यंत्र कायद्याने पादचारी. वजन रिकामं असताना ५५० पौंडांपर्यंत, फुटपाथवर वेग बारा मैलांपर्यंत. साडेपाचशे पौंडांचा पादचारी! स्ट्रोलर घेऊन समोरून येणाऱ्याने त्याला "एक्सक्यूज मी" म्हणायचं की काय?

हे सगळं मी इथे सांगतो याला कारण आहे. आपल्यातले निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या रूपात हेच लिहितात. मशीन किती सेकंद थांबेल, कोण कोणाला वाट देईल, तासाला किती वस्तू, ड्रायव्हरला किती थांबे, ही एकेक ओळ असते, आणि ती रिक्वायरमेंटच्या कागदातून येते. त्या मीटिंगमध्ये आपण बसलेलो असतो. तिथे उतारावर उभं न राहण्याची टेस्ट केस टाकायला पाच मिनिटं लागतात. आणि बाकीचे निम्मे, ज्यांच्या कॉलनीत उद्या अशी गाडी येईल, त्यांनी एचओएच्या मीटिंगला निदान इतकं विचारावं: बंद पडली तर किती वेळात कोण उचलून नेणार? तक्रारीचा फोन माणूस उचलतो की यंत्र? फुटपाथ आपल्या वर्गणीतून झाडला जातो, बर्फ आपण काढतो, मग त्यावर धंदा करणाऱ्याने काय द्यायचं? आणि तिसऱ्या मजल्यावर सामान कोण नेणार? पुण्यात हे प्रश्न येणार नाहीत, कारण लक्ष्मी रोडवर फुटपाथवर रोबॉटला उभं राहायला जागा मिळाली तर आधी आपल्यालाच मिळू दे.

मुलांच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे: "रोबॉट कुत्र्याला घाबरतो का?" नाही. कुत्रं समोर आलं की तो थांबतो. कुत्रंही थांबतं. मग दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात, आणि शेवटी कुत्र्याच्या मालकाला दोरी ओढावी लागते. आता मोठ्यांनीही प्रश्न विचारा, चहा यायला अजून वेळ आहे असं दिसतंय.